रिकाम्या जागेचा हमाल

गच्चीवर सोलर बसवायचं आमच्या घरी ठरलं तेव्हाची गोष्ट. कोटेशन घेऊन आलेला मुलगा चटपटीत होता. पॅनलची लांबी-रुंदी, सबसिडी, मीटर असं सगळं सांगून झाल्यावर त्याने शेवटचा पत्ता टाकला. "काका, पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे. पंचवीस वर्षांनीही ऐंशी टक्क्यांच्या वर वीज देणार." माझं वय बघता ही गॅरंटी माझ्यापेक्षा पॅनलच्या बाजूने जास्त भक्कम होती, पण ते असो.

माझा पुतण्या शेजारीच बसला होता. तो नव्या तंत्रज्ञानाचं बरंच वाचतो. मुलगा गेल्यावर म्हणाला, "काका, थोडं थांबा. सिलिकॉन जुनं झालं. आता पेरॉव्स्काइट येतंय. शाईसारखं छापायचं, स्वस्त, आणि कार्यक्षमता बघा कुठे गेलीये!"

मी विचारलं, "आणि त्याची गॅरंटी किती वर्षांची?"

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "तेवढंच अजून जमायचंय."

"तेवढंच" म्हणजे नेमकं काय, ते शोधायला मी बसलो आणि दोन-तीन महिने त्यातच अडकलो. मी रसायनशास्त्राचा माणूस. आयुष्य रंगद्रव्यांच्या कारखान्यात गेलं. भौतिकशास्त्रातलं मला बेताचंच कळतं. पण वाचता वाचता लक्षात आलं की पेरॉव्स्काइटची गोष्ट सगळे त्या स्फटिकाची म्हणून सांगतात, आणि तिच्यातली निम्मी वळणं मात्र त्याच्या शेजारच्या एका पातळ थरापाशी येतात. त्या थराची ही गोष्ट.

आधी 'होल' म्हणजे काय ते सांगायला हवं. डॉक्टरांच्या दवाखान्यातला लांब बाक डोळ्यांसमोर आणा. दारापाशी बसलेला पेशंट आत गेला की बाकी सगळे एकेक जागा पुढे सरकतात. माणसं दाराकडे सरकली, पण रिकामी जागा मात्र उलट्या दिशेने, बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेली. खरं तर 'रिकामी जागा' नावाची वस्तू काही नसते. पण तिचा प्रवास आपल्याला स्पष्ट दिसतो. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन उठून गेला की मागे अशीच रिकामी जागा राहते. तिला म्हणायचं होल. १९२९ मध्ये पायर्ल्सने आणि १९३१ मध्ये हायझेनबर्गने ही कल्पना मांडली, आणि पुढचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स तिच्यावर उभं राहिलं.

सौरघटात ऊन पडलं की इलेक्ट्रॉन आणि होल अशी जोडी सुटी होते. इलेक्ट्रॉनला एका दाराने बाहेर काढायचं, होलला दुसऱ्या. दोघं पुन्हा भेटले तर मिळालेली ऊर्जा वाया. म्हणून पेरॉव्स्काइटच्या एका बाजूला फक्त इलेक्ट्रॉन नेणारा थर लागतो आणि दुसऱ्या बाजूला फक्त होल नेणारा. हा दुसरा म्हणजे आपल्या गोष्टीतला हमाल. तो साधारण दोनशे नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे डोक्याच्या केसाचा तीन-चारशेवा भाग.

या हमालाची सुरुवात पेरॉव्स्काइटच्या कितीतरी आधी झाली. १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ब्रायन ओरेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी एक वेगळाच सौरघट जगासमोर ठेवला. टायटॅनियम डायऑक्साइडचा (आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच) स्पंजासारखा सच्छिद्र थर, त्यावर रंगाचा लेप, आणि छिद्रांत आयोडीनचं द्रावण. रंग ऊन शोषतो, इलेक्ट्रॉन टायटॅनियाला देतो आणि त्याची रिकामी झालेली जागा आयोडाइड भरून काढतं. कार्यक्षमता सात टक्क्यांच्या वर. आम्हा रंगवाल्यांना त्या काळी या बातमीने फार बरं वाटलं होतं!

अडचण होती ती द्रवाची. पातळ पदार्थ काचेत कितीही बंद करा, कधी ना कधी तो वाट काढतोच. त्यात आयोडीन, म्हणजे धातू खाणारं. तेव्हा द्रवाचं काम एखाद्या घन पदार्थाकडून करून घेता येईल का, असा शोध सुरू झाला. १९९८ मध्ये उडो बाख, योझेफ साल्बेक, ग्रेट्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये असा घट प्रसिद्ध केला. त्यात वापरलेल्या रेणूचं नाव स्पायरो-ओमेटॅड.

हा रेणू कागदावर काढून बघण्यासारखा आहे. पत्त्यांचा बंगला करताना दोन पत्त्यांना खाच पाडून ते एकमेकांत काटकोनात अडकवावेत, तसे त्याचे दोन चपटे भाग मध्यल्या एका कार्बन अणूपाशी काटकोनात जोडलेले असतात. असा आकार कशासाठी? चपटे रेणू ताटल्यांसारखे एकावर एक रचले जातात आणि त्यांचे स्फटिक होतात. स्फटिक झाले की ते छिद्रांत नीट भरत नाहीत, मध्ये फटी राहतात. काटकोनातले हे रेणू काही केल्या एकावर एक बसत नाहीत. थंड झाल्यावरही काचेसारखे अस्ताव्यस्तच राहतात. सुमारे १२० अंशांपर्यंत हा काचेचा थर मऊ होत नाही.

इथे मला माझीच एक गोष्ट आठवली. कारखान्यात आमच्याकडे एक हुशार तरुण केमिस्ट होता. त्याने एक नवा रेणू बनवला. तो शुद्ध होता, पण स्फटिक धरायलाच तयार नव्हता. फ्लास्कच्या तळाशी नुसती तपकिरी काच. आम्हा सगळ्यांच्या लेखी स्फटिक म्हणजे यश. गाळता येतं, वाळवता येतं, पोत्यात भरता येतं. पोरगा म्हणाला, "सर, अजून एक महिना द्या." मी अहवालावर लिहिलं, 'काम थांबवावे.' त्याचा रेणू काही स्पायरो नव्हता, तसा माझा दावा नाही. पण जो गुण मी दोष म्हणून खोडला, त्याच गुणासाठी त्याच दशकात दुसरे लोक मुद्दाम रेणू घडवत होते, हे वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

बरं, या स्पायरोच्या पहिल्या घटाची कार्यक्षमता किती होती? ०.७४ टक्के. एक टक्कासुद्धा नाही! माझ्या टेबलावर हा आकडा आला असता तर मी काय शेरा मारला असता ते सांगायला नको.

लोझानच्या लोकांनी तसा शेरा मारला नाही. पुढची तेरा वर्षं ते या रेणूवर काम करत राहिले. २००७ मध्ये तो पाच टक्क्यांवर पोचला, २०११ मध्ये सातच्या पुढे गेला. तरी द्रवाच्या घटांच्या तो मागेच होता. कारण सरळ होतं. रंगाला सगळं ऊन शोषायला टायटॅनियाचा थर दहाएक मायक्रॉन जाड लागायचा, आणि स्पायरो दोन मायक्रॉनच्या पलीकडे धड पोचायचा नाही. म्हणजे थर पातळ ठेवला तर ऊन वाया, जाड ठेवला तर होल वाया.

आता जपानला जाऊ, कारण गोष्टीचं दुसरं टोक तिथे आहे. योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमु मियासाका यांच्याकडे अकिहिरो कोजिमा नावाचा विद्यार्थी होता. त्याने रंगाच्या जागी एक वेगळाच पदार्थ लावून पाहिला. शिसं, आयोडीन आणि मेथिल-अमोनियम यांचा पेरॉव्स्काइट. (पेरॉव्स्काइट हे मूळ उरल पर्वतातल्या एका खनिजाचं नाव. १८३९ मध्ये गुस्ताव रोझ यांनी ते ओळखलं आणि रशियन अधिकारी लेव्ह पेरॉव्स्की यांचं नाव त्याला दिलं. गंमत म्हणजे उन्हापासून वीज मिळते हे एदमों बेकरेल या तरुणाला दिसलं तेही १८३९ मध्येच.) २००९ मध्ये कोजिमा आणि मियासाका यांचा निबंध आला. कार्यक्षमता ३.८ टक्के. फारसं कोणी लक्ष दिलं नाही, आणि त्यात नवल नव्हतं. हा पेरॉव्स्काइट एक प्रकारचा क्षारच. त्याला आयोडीनच्या द्रावणात बसवणं म्हणजे बिस्किट चहात बुडवून ते तिथेच राहील अशी आशा करणं. २०११ मध्ये दक्षिण कोरियात नाम-ग्यू पार्क यांनी ६.५ टक्के गाठले, पण बिस्किट विरघळायचं काही थांबलं नाही. काही मिनिटांत घट मान टाकायचा.

म्हणजे एकीकडे ऊन भरपूर शोषणारा पण द्रवात विरघळणारा पदार्थ, आणि दुसरीकडे कोरडा पण खोलवर न पोचणारा हमाल. दोन अपुरी माणसं दोन वेगवेगळ्या गावांत राहत होती. त्यांची गाठ पडायला ओळखीपाळखीच कामी आल्या. मियासाकांचे एक जुने विद्यार्थी ताकुरो मुराकामी लोझानला काम करून आले होते. तिथेच ऑक्सफर्डच्या हेन्री स्नेथ यांनीही स्पायरोवर वर्षं घालवली होती. या ओळखीतून स्नेथ यांचा विद्यार्थी मायकल ली जपानला जाऊन पेरॉव्स्काइट बनवायला शिकून आला. तिकडे पार्क यांनी ग्रेट्झेल यांच्याबरोबर काम सुरू केलं होतं.

२०१२ च्या उत्तरार्धात दोन्ही निबंध काही आठवड्यांच्या अंतराने आले. पार्क आणि ग्रेट्झेल ९.७ टक्के, स्नेथ आणि मियासाका १०.९ टक्के. दोघांनीही द्रव काढून टाकला होता आणि त्या जागी स्पायरो-ओमेटॅड घातला होता. पेरॉव्स्काइट इतकं ऊन शोषतो की एका मायक्रॉनपेक्षाही पातळ थर पुरतो, त्यामुळे स्पायरोचं खोलवर न पोचणं आता आड आलं नाही. पार्क यांचा घट उघड्या हवेत, खोलीच्या तापमानाला, कसलंही आवरण न घालता ५०० तास ठेवला तरी टिकला. पदार्थ तोच, मिनिटांचे तास झाले ते हमाल बदलल्यामुळे.

यानंतर जी धावाधाव सुरू झाली तिचं वर्णन सगळीकडे आहे. दोन-तीन वर्षांत वीस टक्के! पण पुतण्याचं "तेवढंच" इथूनच सुरू होतं.

स्पायरो शुद्ध असेल तर होल फार हळू नेतो. त्याला हुशारी आणायला त्यात लिथियमचा एक क्षार आणि पिरिडीनच्या कुळातलं एक द्रव घालतात. हा मसाला रंगाच्या घटांच्या काळापासूनचा, म्हणजे सोबत आलेला हुंडा. शिवाय नुसतं घालून भागत नाही. थर कोरड्या हवेत रात्रभर ठेवावा लागतो. त्या हवेतल्या ऑक्सिजनने स्पायरोचे काही रेणू इलेक्ट्रॉन गमावतात, म्हणजे बाकावर मुळातच थोड्या जागा रिकाम्या होतात आणि मग सरकासरकी जोरात चालते. जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतले विक्रम असे रात्रभर मुरवून झाले आहेत. आमच्याकडच्या लोणच्यासारखे.

पण लिथियमचा हा क्षार पाणी ओढतो. कोकणात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. पेरॉव्स्काइटचा पहिला वैरी पाणी, आणि त्याच्या अगदी उशाशी आपण पाणी ओढणारा क्षार नेऊन ठेवला. ते पिरिडीनचं द्रव हळूहळू उडून जातं आणि थरात पोकळ्या राहतात. लिथियमचे आयन जागा सोडून खालच्या थरात भटकतात. या मसाल्याने थर मऊ होण्याचं तापमानही खाली येतं. आणि २०१६ मध्ये लोझानच्याच प्रयोगशाळेत दिसलं की ७० अंशांना वरच्या सोन्याच्या पत्र्यातलं सोनंच स्पायरोच्या थरातून झिरपून पेरॉव्स्काइटमध्ये उतरतं आणि घट बिघडवतं. वैशाखात आमच्या गच्चीवर पायताणाशिवाय उभं राहता येत नाही. त्या उन्हात दिवसभर तापणाऱ्या काळ्या पॅनलला साठ-सत्तर अंश म्हणजे रोजचंच.

किमतीचं तर विचारू नका. अतिशुद्ध स्पायरो वजनाला सोन्यापेक्षा महाग मिळायचा. छापून स्वस्तात करायच्या घटात हा असला हमाल!

एकूण काय, ज्याने पेरॉव्स्काइटला जगवलं, तोच पुढे त्याच्या आयुष्याला मर्यादा घालू लागला. गेल्या दहा-बारा वर्षांचा या क्षेत्राचा इतिहास बराचसा या हमालाला बदली शोधण्याचा आहे. सगळे प्रयत्न सांगत बसलो तर पानं पुरणार नाहीत, म्हणून मला आवडलेले थोडेच सांगतो.

चीनमधल्या वूहानच्या लोकांनी २०१४ मध्ये हमालालाच रजा दिली. कार्बनचा जाड सच्छिद्र थर थेट लावला, सोनंही नाही. १२.८ टक्केच मिळाले, पण उन्हात हजार तासांहून जास्त टिकला. कोरियात पीटीएए नावाचा बहुवारिक आला, २०१९ मध्ये तिथेच पी३एचटी हा जुना, स्वस्त बहुवारिक कसलाही मसाला न घालता २२.७ टक्क्यांपर्यंत गेला. काहींनी स्पायरोचीच टोकं बदलली. फ्लोरीनची टोकं लावलेला तसा एक रेणू २०२० मध्ये २४.८ टक्क्यांवर पोचला.

लोझानचा २०१७ चा निबंध मला सगळ्यात बोलका वाटतो. त्यांनी कॉपर थायोसायनेट हा साधा, स्वस्त क्षार हमाल म्हणून वापरला. वीस टक्के मिळाले, पण उन्हात ठेवल्यावर घट लगेच बिघडू लागला. सगळ्यांना वाटेल, क्षार आणि पेरॉव्स्काइट यांचं पटत नसणार. त्यांनी शोधलं तेव्हा भांडण दुसऱ्याच बाजूला, क्षार आणि सोनं यांच्यात निघालं. मध्ये ग्राफीनचा एक पातळ पडदा घातला आणि ६० अंशांना, उन्हात, हजार तासांनंतरही ९५ टक्क्यांहून जास्त कार्यक्षमता शिल्लक राहिली. आजार एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं कारखान्यात मी इतक्यांदा पाहिलंय की हे वाचून हसू आलं.

आणि शेवटचं वळण तर थेट माझ्या ओळखीच्या गल्लीतून जातं. लिथुआनियातल्या काउनास तंत्रविद्यापीठात व्यटाउतास गेटाउटिस यांचा गट आहे, सेंद्रिय रेणू घडवणाऱ्यांचा. त्यांनी २०१८ मध्ये प्रश्नच उलटा केला. दोनशे नॅनोमीटरचा थर हवा कशाला? एकाच रेणूच्या जाडीचा का नको? त्यांनी रेणूला एका टोकाला फॉस्फॉनिक आम्लाचा पाय लावला. हा पाय काचेवरच्या पारदर्शक ऑक्साइडला घट्ट चिकटतो आणि रेणू शेतातल्या रोपांसारखे एका थरात उभे राहतात. डोक्याकडचा होल नेणारा भाग वर. त्यावर मग पेरॉव्स्काइट ओतायचा, म्हणजे हमाल आता डोक्यावरून पायाखाली गेला. लिथियम नको, रात्रभर मुरवणं नको, आणि रेणू लागतो तो चिमूटभर. बर्लिनमध्ये स्टीव्ह आल्ब्रेख्त यांच्या गटाबरोबर २०२० मध्ये सिलिकॉनवर पेरॉव्स्काइट बसवलेल्या जोडघटात त्यांनी २९.१५ टक्के मिळवले.

या रेणूच्या डोक्याशी जो भाग आहे तो कार्बाझोल! डांबरातून निघणारा, एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेला. आमच्याकडे जांभळं रंगद्रव्य बनवायला कार्बाझोलच लागायचं. त्याची पोती मी वर्षानुवर्षं पाहिली, त्याची पावडर अंगावर घेतली, आणि तो कधी रिकाम्या जागा वाहून नेईल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

हाही हमाल निर्दोष नाही. रेणू सगळीकडे सारखे उभे राहत नाहीत, मध्ये टक्कल पडतं. काहींवर पेरॉव्स्काइटचं द्रावण अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोळा होतं, पसरतच नाही. उष्णतेने काही रेणूंचे पाय सुटतात. म्हणजे काम चालूच आहे. २०२४ मध्ये एका चिनी कंपनीच्या जोडघटाने ३४.६ टक्के गाठले आणि त्याच वर्षी ब्रिटिश कंपनीची पहिली व्यापारी जोडपॅनलं ग्राहकाकडे रवाना झाली. चाचण्याही कडक आहेत. ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, हजार तास. पण हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. त्यावरून पंचवीस वर्षांचा अंदाज बांधता येतो, पंचवीस वर्षं जगून दाखवता येत नाहीत.

मी शेवटी सिलिकॉनच बसवलं. पुतण्या थोडा नाराज झाला. मी त्याला म्हटलं, "अरे, माझ्या नंतर ही गच्ची तुझीच आहे. ही पॅनलं थकतील तेव्हा तुझे ते पेरॉव्स्काइट वयात आले असतील. तेव्हा बदल."

त्याला हेही सांगायचं होतं की नव्या पॅनलचा कागद हातात आला की आधी होल नेणारा थर कोणता आहे ते विचार. कार्यक्षमतेचा आकडा सगळेच मोठ्या अक्षरांत छापतात. पण तो लगेच म्हणाला असता, "काका, ते कोण सांगणार?" आणि ते खरंच आहे. माल ठळक अक्षरांत असतो, हमालाचं नाव पावतीवर कुठे असतं?

त्या तरुण केमिस्टचा पत्ता आता माझ्याकडे नाही. तपकिरी काचेचा तो फ्लास्क त्यानंतर कुणी धुऊन टाकला, तेही मी कधी विचारलं नाही. अहवालावर 'अजून एक महिना' लिहायला माझं काय जात होतं, हे मात्र हल्ली गच्चीवर गेलो की आठवतं.